कोळी सरांना मी दुरुस्त केलं

मुख्याध्यापक सर, संस्थेची मंडळी, सहकारी शिक्षक, पालक, आणि मागच्या रांगांमध्ये बसलेली कोळी सरांच्या गावची, मोऱ्याची माणसं, सगळ्यांना नमस्कार.

शोकसभेत उभं राहिलं की शब्द सुचत नाहीत, असं म्हणायची रीत आहे. मला सुचताहेत. सव्वीस वर्षं मी या शाळेत मराठी शिकवते, शब्दांनी मला कधी अडवलं नाही. अवघड आहे ते वेगळंच. माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही सांगितलं, कोळी सर फार शांत होते, मितभाषी होते, कधी कुणाला उलट बोलले नाहीत. मी ऐकत बसले होते. कोळी सर मितभाषी नव्हते. या शाळेत आले तेव्हा तर मुळीच नव्हते. त्यांना मितभाषी कुणी केलं हे मला माहीत आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागतील. कुणाला उठून जायचं असेल तर जावं.

काशिनाथ कोळी आपल्याकडे आले तेव्हा उरणकडे बंदराचं काम चाललं होतं. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर नुकते दिसायला लागले होते. जून महिना होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. शिक्षक-खोलीच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "नमस्कार. मी काशिनाथ कोली. मोऱ्याचा हाय. पाचवी ते सातवीचा मराठी माज्याकडं दिलाय."

आम्ही सहा-सात जण होतो. मग मी म्हणाले, "काय दिलाय?"

"मराठी, बाई."

"मराठी दिलाय? मराठी दिलंय. आणि कोली नाही, कोळी. निदान स्वतःचं आडनाव तरी नीट म्हणा."

सगळे हसले. त्यांच्यातले तिघं आज इथे बसले आहेत. माना खाली घातल्यात, मला दिसतंय. मीही हसले होते. कोळी सरसुद्धा हसले. त्यांना वाटलं, ही थट्टा आहे, नव्या माणसाची करतात तशी. एक-दोन दिवसांत संपेल.

ती संपली नाही. मी ती संपू दिली नाही.

माझं माहेर पुण्याचं. सासर इथलं, पनवेलचं, टपाल नाक्याजवळचं. शुद्ध बोलणं आमच्या घरात श्वासासारखं होतं. त्यात माझी काही कमाई नव्हती. ज्या घरात जन्मले त्या घरची भाषा पुस्तकात छापलेली निघाली, एवढंच. काशिनाथ कोळी ज्या घरात जन्मले त्या घरची छापलेली नव्हती. फरक इतकाच होता. पण त्या फरकावर मी सव्वीस वर्षं लोकांचे कान धरले.

मधल्या सुटीत मी त्यांना दुरुस्त करायची. ते म्हणायचे, "बाई, पानी प्यायलाव?" मी म्हणायची, "पाणी. ण. जीभ वर न्या." ते म्हणायचे, "आमी उद्या नाय येनार." मी म्हणायची, "आम्ही. ह कुठे गेला? समुद्रात पडला का?" एकदा मी त्यांना कागद दिला आणि सांगितलं, "आम्ही, तुम्ही, आहे, नाही, शंभर वेळा लिहून आणा." बी.एड. झालेल्या, मिशा आलेल्या माणसाला. गंमत म्हणून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर वेळा लिहून आणलं. अक्षर सुंदर होतं. मी तो कागद फळ्याशेजारी टाचणीने लावला. आठवडाभर होता तो तिथे. सातवीची मुलं वह्या ठेवायला यायची, वाचायची, आणि वर्गात जाऊन एकमेकांना म्हणायची, "आम्ही, तुम्ही, आहे, नाही."

कोळी सर शिकले. हे मान्य करायला हवं, फार जिद्दीने शिकले. त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला. रेडिओवरच्या मराठी बातम्या कॅसेटवर भरून घ्यायचे आणि ऐकून ऐकून तसं म्हणायचे. वर्ष-दीड वर्षात त्यांचा ण आला, ळ आला, ह आला. मग मी म्हणायला लागले, "कोळी, तुम्ही बोलता की बातम्या देता?" पुन्हा सगळे हसले. अशुद्ध बोलले तरी हसायचं, शुद्ध बोलले तरी हसायचं. त्यांना सुटका नव्हती. तेव्हापासून ते कमी बोलायला लागले. चौघांनी आज ज्याचं कौतुक केलं तो मितभाषीपणा हा.

आता त्यांच्या आईचं सांगते.

त्यांची आई, पार्वतीबाई, मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकायची. नवरा बोटीवर गेलेला परत आला नाही, मुलगा तेव्हा चौथीत होता. तिने पाटी डोक्यावर घेऊन मुलाला बी.एड. केलं. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुटीआधी, ती एकदा शाळेत आली. एस.टी.ने उरणहून. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कडेवर टोपली. टोपलीत सोडे आणि सुके बोंबील होते. सगळ्या शिक्षकांसाठी पुड्या बांधून आणल्या होत्या, वर्तमानपत्राच्या.

ती शिक्षक-खोलीत आली आणि सरळ माझ्याकडे आली. मुलाने घरी माझं नाव सांगितलेलं असणार. चांगलंच सांगितलेलं असणार, कारण ती हसत होती. म्हणाली, "बाय, तूच ना ती? माजा काशा सांगतो, तू त्याला बोलाया शिकवतस."

तिने मला 'तू' म्हटलं.

मोऱ्याच्या माणसांनो, तुम्हाला यात काही वाटणार नाही. तुमच्याकडे आईला तू, देवाला तू, कलेक्टरला तू. तो जिव्हाळा आहे, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या कानशिलावर कुणी मारल्यासारखं झालं. शिपाई उभा होता, दोन नवीन शिक्षिका होत्या, सातवीची चार मुलं वह्या घेऊन आली होती. मी तिच्याशी बोललेच नाही. मी कोळी सरांकडे वळले आणि म्हणाले, "कोळी, तुमच्या आईंना सांगा, शाळेत शिक्षकांना अहो-जाहो करतात."

कोळी सर उठले. आईजवळ गेले आणि हळू म्हणाले, "आई, बाईंना तुम्ही म्हण."

ती गोंधळली. मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी."

इथे मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी म्हणाले, "तुम्ही."

आणि कोळी सर, चार मुलांसमोर, स्वतःच्या आईला म्हणाले, "तुम्ही, आई. ह. तुम्ही."

पुड्या तिने टेबलावर एकेक करून मांडल्या. सात होत्या. टोपली उचलली आणि गेली. ती गेल्यावर मी शिपायाला म्हणाले, "हे बाहेर ठेवा आधी, वास येतोय." संध्याकाळी कोळी सर त्या सातही पुड्या पिशवीत भरून घेऊन गेले. कुणी एकही घेतली नाही. देशमुख सर, तुम्ही खाता, मला माहीत आहे. तुम्हीही घेतली नाहीत. माझ्या भीतीने.

दोन वर्षांनी पार्वतीबाई वारल्या. कोळी सर तेराव्यानंतर कामावर आले. मी एकटीच होते खोलीत, पेपर तपासत. ते आले, समोरच्या खुर्चीवर बसले. याआधी ते माझ्यासमोर आपण होऊन कधी बसले नव्हते. दाढी वाढलेली होती. ते बोलायला लागले, आणि इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं त्यांच्या जिभेवरून उतरलं. म्हणाले, "आय गेली, बाई. मी जवलच व्हतो, पन तिनं मना..."

मी मान वर न करता म्हणाले, "होतो."

देवाशपथ सांगते, मुद्दाम म्हणाले नाही. सवय होती. लाल पेन हातात होतं, चूक ऐकू आली, तोंडातून दुरुस्ती निघाली. मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. मुद्दाम म्हणाले असते तर निदान त्यांच्याकडे पाहिलं तरी असतं.

ते थांबले. मग नीट, बातम्यांसारखं म्हणाले, "होतो. मी जवळच होतो." आणि उठून वर्गावर गेले.

ते वाक्य पूर्ण काय होतं, हे मला आठ दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. सर गेल्यावर मी मोऱ्याला गेले, त्यांच्या बहिणीला, हिराबाईंना भेटायला. त्या इथे आहेत. त्यांनी मला सांगितलं. शाळेतून परत गेली त्या दिवसापासून आईने मुलाला 'तू' म्हणणं सोडलं. "तुमी जेवला का? तुमी कधी आला?" पोटच्या मुलाला. रागाने नाही. हिराबाई म्हणाल्या, तिला खरंच वाटायचं की आता त्याच्याशी असंच बोलायचं असतं, नाहीतर त्याची नोकरी जाईल. तो हातापाया पडला. म्हणाला, आय, मना तू म्हन. ती म्हणायची, "नको. तुमी शालेतलं मानूस हाव." शेवटच्या दिवशी त्याने तिचा हात धरला होता. तिने विचारलं, "तुमी आलाव?" आणि ती गेली.

"पन तिनं मना शेवटी बी तू नाय म्हनला." हे ते वाक्य होतं. ते मला सांगायला आले होते. शिकवलं मी होतं ना. दुसऱ्या कुणाला सांगणार?

मी सांगू दिलं नाही.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या शाळेत धाडसाची म्हणावी अशी एकच गोष्ट मी सव्वीस वर्षांत पाहिली, ती ही. सहावीच्या वर्गाला त्यांनी निबंध दिला, 'माझी आई'. आणि सांगितलं, घरी जसं बोलता तसं लिहा. शाळेतलं मराठी उद्या शिकू, आज तुमचं लिहा. त्या वर्गात कोन गावची मुलं होती, जासईची होती, मोहल्ल्यातली होती, कॉलनीतल्या नोकरदारांची होती. जी मुलं एरवी चार ओळी लिहून पेन चावत बसायची त्यांनी दोन-दोन पानं लिहिली. मोहल्ल्यातल्या एका मुलीने अम्मीबद्दल लिहिलं होतं, त्यात निम्मे शब्द उर्दू होते. कोनच्या एका मुलाने लिहिलं होतं की त्याची आई शेत गेल्यापासून बोलत नाय, निस्ती बांधावर जाऊन बसते.

मला हे माहीत आहे, कारण त्या वह्या मी वाचल्या. कोळी सर दुसऱ्या तासाला असताना मी त्यांच्या कपाटातून काढल्या, घरी नेल्या, आणि लाल पेनाने सगळ्या तपासल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्या कोनच्या मुलाच्या पानावर मी 'नाय'च्या जागी 'नाही' लिहिलं, 'निस्ती'च्या जागी 'नुसती' लिहिलं, आणि खाली शेरा दिला: अत्यंत अशुद्ध, पुन्हा लिहा. त्याच्या आईबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या मी स्वतः वर्गात वाटल्या. कोळी सर दाराशी उभे होते. मुलांनी वह्या उघडल्या. कुणी रडलं नाही. सहावीची मुलं अशा वेळी रडत नाहीत, वही मिटतात आणि दप्तरात घालतात. त्यानंतर त्या वर्गाने मनातलं असं काही लिहिलं नाही. दहावीपर्यंत मीच त्यांना शिकवलं, म्हणून खात्रीने सांगते.

त्याच आठवड्यात संस्थेकडे एक अर्ज गेला. खाली सही नव्हती, फक्त 'एक हितचिंतक'. काशिनाथ कोळी हे मुलांना अशुद्ध लेखनास प्रवृत्त करतात, सबब त्यांच्याकडून मराठी विषय काढून घ्यावा. संस्थेने काढून घेतला. त्यांना चित्रकला, कार्यानुभव आणि ग्रंथालय दिलं. मागची चार वर्षं या माणसाने एक ओळ मराठी शिकवली नाही. पुस्तकांना खळ लावून कव्हरं घातली. आज फळ्यावर तुम्ही लिहिलंय, 'मराठीचे निष्ठावंत शिक्षक'. कुणी लिहिलंय हे? पुसा ते.

तो अर्ज मी लिहिला होता.

कोळी वहिनी, तुमच्याकडे पाहून बोलायला मला जमत नाही, पण ऐका. तो अर्ज मी लिहिला होता. संस्थेच्या मंडळींना अक्षर ओळखता आलं असतं, त्यांनी ओळखलं नाही, कारण त्यांना तेच हवं होतं.

आणि कोळी सरांना कळलं होतं. अर्ज त्यांना वाचायला दिला होता. गेल्या वर्षी ग्रंथालयात मी एक शब्दकोश मागायला गेले. त्यांनी काढून दिला, वहीत नोंद केली, आणि खाली पाहतच म्हणाले, "बाई, तो अर्ज मी वाचला होता. त्यात एकही चूक नव्हती. इतकं शुद्ध आपल्या शाळेत एकच माणूस लिहितो."

मी शब्दकोश घेतला आणि आले. त्यानंतरही ते मला रोज नमस्कार करायचे. तेवढंच बोलायचे. नमस्कार, बाई. ह अगदी स्पष्ट... नव्हे, 'नमस्कार'मध्ये ह नसतोच. पण माझे कान तेही तपासायचे. असे माझे कान.

मागच्या रविवारच्या आदल्या रविवारी ते स्कूटरवरून बहिणीकडे निघाले होते. जासईच्या पुढे ट्रेलरने उडवलं. जागच्या जागी गेले. एवढंच मला त्याबद्दल सांगता येईल, बाकी तुम्हाला माहीत आहे.

त्यांना पनवेलच्या घरी आणलं तेव्हा आपण सगळे गेलो होतो. हिराबाई आल्या आणि भावाच्या उशाशी बसून रडायला लागल्या. त्यांच्याकडे रडतात तसं, सूर धरून, गेलेल्या माणसाशी बोलत. आपल्यातल्या एकाने पुढे होऊन त्यांना सांगितलं, "ताई, शांत व्हा. हळू. मुलगी घाबरेल." आणि हिराबाई गप्प झाल्या. तोंडात पदर कोंबून बसल्या. पन्नाशीच्या बाईला सख्ख्या भावापाशी रडायची बंदी केली आपण, आणि तीही आवाज नीट नाही म्हणून. सांगणारं कोण होतं ते मी सांगणार नाही. आज मी फक्त माझं सांगायला उभी आहे.

त्यांची मुलगी स्वाती माझ्या शेजारी उभी होती. नऊ वर्षांची. कोळी सरांनी तिला जन्मापासून शुद्ध मराठीत वाढवलं. मोऱ्याला फार पाठवलं नाही, जीभ बिघडेल म्हणून. वहिनी सांगतात, घरात एक शब्द गावाकडचा बोलू देत नसत. माझ्या वाट्याला जे आलं ते हिच्या वाट्याला नको, म्हणायचे. तर स्वातीने माझा पदर ओढला आणि विचारलं, "बाई, आत्या बाबांना काय म्हणत होती?"

मी मराठीची शिक्षिका. हिराबाई जे म्हणत होत्या त्यातलं निम्मंअधिक मला कळलं नव्हतं. नऊ वर्षं मी ज्या भाषेला दुरुस्त करत होते, ती मी कधी ऐकलीच नव्हती. फक्त चुका ऐकल्या होत्या. मी त्या मुलीला म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ." वर्गात, वर्गाबाहेर, हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

मोऱ्याला गेले तेव्हा मी हे सगळं हिराबाईंना सांगितलं. अर्जाचंही. वाटलं होतं, त्या शिव्या देतील. त्या जाळं विणत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय. काशानं सांगितला व्हता." मी म्हणाले, "मला क्षमा करा." त्या म्हणाल्या, "ती माज्याकडं नाय. ज्याच्याकडं व्हती तो गेला." मग मी विचारलं, सभेत तुम्ही भावाबद्दल दोन शब्द बोलाल का? त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यासमोर? नाय बाई. आमाला बोलाया येत नाय."

त्यांना बोलायला येत नाही, असं त्यांना वाटतं. हे आपण केलं आहे. मी, आणि माझ्यामागे हसणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी.

मी राजीनामा दिला आहे. त्याने काही भरून निघत नाही, कुणी त्याचं कौतुक करू नये. निवृत्तीला तसंही थोडंच राहिलं होतं. वहिनींनी एवढं कबूल केलंय की मे महिन्याची सुट्टी स्वाती आत्याकडे काढेल. तिला आत्याचं बोलणं कळायला लागेल का, उशीर झालाय का, मला माहीत नाही.

काशिनाथ कोळी सर, तुमचं नाव मी शेवटपर्यंत माझ्या पद्धतीने उच्चारलं. दुसरं मला येत नाही. त्याच तोंडाने तुम्हाला नमस्कार करते.

आता उठू या. दोन मिनिटं आपण शिक्षकांनी, संस्थेच्या मंडळींनी, पनवेलकरांनी गप्प राहायचं आहे. मोऱ्याच्या माणसांवर ते बंधन नाही. हिराबाई, तुम्हाला रडायचं असेल तर रडा, जसं त्या दिवशी रडत होतात तसं, मोठ्याने. स्वाती तुमच्याजवळ येऊन उभी राहील. इथून कुणी तुम्हाला हळू म्हणणार नाही.